प्रमाणपत्राच्या आधीचे प्रश्न: मुलांच्या न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीविषयी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचं सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत गेलं. म्हणून संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली तेव्हा मी तिसरी-चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचा विषय घ्यायचं ठरवलं. हे मूल तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाईंनी तोंडी विचारलं तर ते उत्तर बरोबर देतं, पण तेच उत्तर वहीत लिहायला सांगितलं तर पान कोरं राहतं. क्रिकेटच्या सगळ्या धावसंख्या पाठ, पण सातचा पाढा काही केल्या राहत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात, शाळेत बेफिकीर म्हणतात आणि मुलं सरळ ‘ढ’ म्हणून मोकळी होतात.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. अशा मुलांची तपासणी करणं हे माझं रोजचं काम. पण ही मुलं माझ्यापर्यंत पोहोचतात ती बहुधा नववीचा निकाल लागल्यावर. पालक खुर्चीवर टेकायच्या आत सांगतात, “मॅडम, बोर्डाचा फॉर्म भरायचाय, सर्टिफिकेट पाहिजे.” त्यात त्यांचा दोष नाही, कारण तपासणी म्हणजे सवलतीचा कागद असंच त्यांना कळलेलं असतं. माझं आजचं सगळं म्हणणं दोन वाक्यांत मावेल. तपासणी कागदासाठी करू नका, ‘हे मूल असं का अडतं?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी करा. आणि दहावीची वाट पाहू नका, तिसरीत करा.

या कामाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यातले दोन धागे आपल्याच मुलखातून जातात. 1904 साली फ्रान्सच्या सरकारने एक समिती नेमली. शाळा सर्वांना सक्तीची झाली होती आणि नेहमीच्या शिकवण्याने जी मुलं पुढे जात नव्हती ती ओळखायची कशी, हा प्रश्न होता. अल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. कुणाला मदत लागणार आहे हे शोधण्यासाठी ती होती. बुद्धी जन्मभर ठरलेली असते हे बिने मानत नव्हते. पुढे अमेरिकेत या श्रेणीचं रूप पालटलं, आकड्याला महत्त्व आलं आणि मूळ हेतू मागे पडला.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडात बिनेची श्रेणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतून घेतली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1940 मध्ये निघालं, आणि ‘बिने-कामत’ हे नाव आजही अहवालांत दिसतं. दुसरा धागा नागपूरचा. तिथल्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप सिद्ध केलं. 1969 ची ही ‘मिसिक’ देशभर वापरली गेली. धारवाड आणि नागपूर ही गावं आपण अनेक कारणांनी ओळखतो. या कारणानेही ओळखायला हवीत.

मग यात ‘न्यूरो’ कुठून आलं? दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी एक गोष्ट पक्की मांडली. मेंदूचं कोणतंही मोठं काम एकाच जागी होत नाही, अनेक भाग मिळून ते करतात. त्यामुळे दोन माणसं एकाच कामात अडली तरी अडण्याची कारणं निराळी असू शकतात.

हे आपण श्रुतलेखनावर तपासून पाहू. बाई म्हणतात, “लिहा, ‘पुस्तकात’.” मुलाला आधी शब्द नीट ऐकू आला पाहिजे. मग तो डोक्यात धरून ठेवायचा आणि त्यातले आवाज सुटे करायचे. ‘स्त’ हे जोडाक्षर आठवायचं, पहिल्या अक्षराला उकार आणि पुढे काना द्यायचा आहे हे ध्यानात ठेवायचं, मग हाताने ते रेघेवर उतरवायचं. आणि तोवर बाई पुढच्या शब्दावर गेलेल्या असतात. यातली एक जरी पायरी कच्ची असली तरी वहीत लाल खूण एकच. ज्याला कमी ऐकू येतं, ज्याला आवाज सुटे करता येत नाहीत, ज्याच्या ध्यानात तीन गोष्टी एकदम राहत नाहीत आणि ज्याचा हात सावकाश चालतो, अशा चौघांनाही आपण एकच औषध देतो: “दहा वेळा लिहून आण.” नीट झालेली तपासणी कच्ची पायरी कोणती ते शोधते. मग त्या पायरीवर काम करता येतं.

अशी तपासणी अर्ध्या तासात होत नाही. मुलाबरोबरचं कामच चार ते सात तासांचं असतं, आणि मूल थकू नये म्हणून ते दोन-तीन बैठकांत वाटून घ्यावं लागतं. त्याच्याही आधी पालकांशी सविस्तर बोलणं. बाळंतपण कसं झालं, दिवस पूर्ण भरले होते का, कावीळ किंवा झटके आले होते का, बोलायला कधी लागलं, झोप कशी आहे, घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास होता का? इथे हमखास एखादे वडील हळूच सांगतात, “माझंही असंच होतं.” वाचनाची अडचण घराण्यात चालत येऊ शकते, म्हणून ही माहिती महत्त्वाची. शाळेच्या वह्या मागवायच्या, आणि त्या फक्त पेपरच्या नाहीत, रोजच्या सुद्धा. वर्गशिक्षकांकडून लेखी माहिती घ्यायची.

त्यानंतर कान आणि डोळे. साधं वाटतं, पण श्रवणचाचणी आणि चष्म्याची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. बालरोगतज्ज्ञांनी रक्तक्षय आणि थायरॉइड पाहावं. वर्गात मधूनच काही क्षण शून्यात बघणाऱ्या मुलाला आपण ‘तंद्रीत असतो’ म्हणतो, ती कधीकधी अपस्माराची एक जात निघते. तिथे ईईजी हवाच. पण उलटही सांगते. केवळ वाचता येत नाही म्हणून एमआरआय काढून घेण्याची गरज नसते. वाचनाची अडचण त्या चित्रात दिसत नाही. ती मुलाने केलेल्या कामात दिसते.

आता प्रत्यक्ष चाचण्या. त्यांतले प्रश्न मी व्यासपीठावरून सांगणार नाही, कारण त्यांचीही तयारी करून घेणारे क्लास निघायला वेळ लागणार नाही. पण काम कसं चालतं ते सांगते. ‘रे-ऑस्टेरिथ’ नावाची एक गुंतागुंतीची आकृती आहे: एक मोठा आयत, आत कर्ण आणि आजूबाजूला बरेच बारीक तपशील. मुलाने ती बघून काढायची. एक मूल आधी आयत काढतं, मग कर्ण, मग त्यात तपशील भरतं. दुसरं मूल डाव्या कोपऱ्यातल्या एका बारक्या खुणेपासून सुरुवात करतं, शेजारची रेघ जोडतं, मग तिच्या शेजारची, आणि शेवटी उजवीकडे कागद पुरत नाही. मी ते काढताना क्रम टिपत असते. अर्ध्या तासाने न बघता तीच आकृती काढायला सांगितली की फरक ठळक होतो. पहिल्याला सांगाडा आठवतो, दुसऱ्याकडे सुटे तुकडे उरतात. हे दुसरं मूल निबंध लिहिताना आणि शाब्दिक उदाहरण सोडवतानाही तसंच वागत असतं. त्याला ज्ञान कमी नसतं, मांडणी जमत नसते, आणि मांडणी शिकवता येते.

लक्ष, स्मरण, भाषा, हाताचं कसब, आखणी, वेग, वाचन-लेखन-गणित आणि मुलाची मनःस्थिती, एवढ्या सगळ्यांचा अंदाज घेऊन चित्र तयार होतं. ते एका आकड्यात का मावत नाही, ते पाहा. समजा, चौथीतल्या एका मुलीचा एकूण बुद्ध्यंक 98 आला. सरासरी 100 असते, म्हणजे मुलगी सर्वसाधारण. पालक सुटकेचा श्वास टाकतात, शाळा म्हणते, “बघा, अभ्यासच करत नाही.” पण आत डोकावलं तर शाब्दिक आकलन 118 आणि कामाचा वेग 79. पहिल्या बाबतीत ती शंभरातल्या 88 मुलांच्या पुढे आहे, दुसऱ्या बाबतीत शंभरातल्या सुमारे 92 मुली-मुलगे तिच्या पुढे आहेत. तिला सगळं समजतं आणि काहीच पुरं होत नाही. तिच्या रोजच्या त्राग्याचं कारण या दोन आकड्यांमधल्या दरीत आहे आणि 98 ने ते झाकून टाकलं होतं. शिवाय 98 हाही काही दगडावरचा आकडा नव्हे. प्रत्येक मापनात थोडी मागेपुढे होण्याची शक्यता असते आणि चांगला अहवाल ती मर्यादा लिहितो.

आता आपल्या भाषेचा आणि आपल्या समाजाचा प्रश्न. मराठीत आपण सदतीस म्हणतो तेव्हा सात आधी उच्चारतो आणि तीस नंतर, पण लिहिताना तीन आधी येतो. सहा-सात वर्षांचं मूल ऐकून 73 लिहितं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘तीस सात’ अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. त्या वादात कुणाचं बरोबर हे आज सोडून देऊ. तपासणाऱ्याला मात्र ठाऊक हवं की या वयात मराठी मुलाने आकडे उलटे लिहिणं ही आपोआप आजाराची खूण ठरत नाही.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ आहे. त्यामुळे वाचनात अडचण असलेलं मूलही मराठी हळूहळू बरोबर वाचू लागतं, पण अक्षर अक्षर लावत, धापा टाकत. काना-मात्रा गळतात, घ-ध, भ-म यांत गोंधळ होतो, आणि उताऱ्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मराठीत निभावून नेणारं असं मूल इंग्रजीचा भार वाढला की कोसळतं. म्हणून चुका मोजायच्या तशी गतीही मोजायची, आणि दोन्ही भाषांत मोजायची. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये तयार झालेल्या ‘डाली’ या संचात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. बेंगळुरूच्या निम्हान्सने 5 ते 15 वयाच्या मुलांसाठी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्यांचा संच बांधला आहे. साधनं अपुरी असली तरी हात रिकामे नाहीत.

जुन्या साधनांची एक अडचण मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कामतांची तुलना 1930 च्या दशकातल्या मुलांशी होते, मालिन यांची 1960 च्या. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की पिढ्यांगणिक चाचण्यांवरचे गुण वाढत जातात. साहजिकच जुन्या मोजपट्टीवर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. ऐकायला बरं वाटेल, पण ज्या मुलाला खरोखर बौद्धिक अक्षमता आहे, त्याची मदत या फुगलेल्या आकड्यामुळे हुकू शकते.

आणि सर्वांत अवघड प्रश्न हा की मूल शिकू शकत नाही की त्याला कुणी शिकवलंच नाही? बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर हंगामभर फडावर राहिलेलं मूल, घरी कोरकू किंवा गोंडी बोलून मराठी शाळेत बसलेलं मूल, मार्च 2020 नंतर पहिलीचं वर्षच ज्याने फोनच्या पडद्यावर काढलं ते मूल. यांना वाचता येत नाही याचा अर्थ डिस्लेक्सिया असा लावता येत नाही. आधी काही महिने नीट शिकवून पाहायचं आणि तरीही अडलं तर निदानाकडे जायचं. ही शिस्त पाळली नाही तर व्यवस्थेचं अपयश आपण मुलाच्या मेंदूच्या माथी मारतो.

दुसरीकडे, काही मुलांच्या बाबतीत तपासणी शाळेने सुचवण्याची वाटच पाहू नये. अपस्मार असलेली मुलं, डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेली मुलं, फार कमी दिवसांची जन्मलेली मुलं, आणि रक्ताच्या कर्करोगातून बरी झालेली मुलं. कर्करोगाच्या उपचारांत मेंदूला रेडिएशन दिलं असेल तर लक्ष आणि वेग यांवरचा परिणाम काही वर्षांनी दिसू लागतो. तोवर घरच्यांनी आजार मागे टाकलेला असतो आणि घसरलेल्या गुणांचा त्याच्याशी संबंध कुणी जोडत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे. या आजारात कुठलंही बाहेरचं लक्षण न दिसता मेंदूत लहान लहान इजा होऊ शकतात. हात-पाय ठीक चालतात, मूल बोलतं-चालतं, फक्त शाळेत मागे पडू लागतं. सिकलसेलच्या मुलाची गैरहजेरी आपण मोजतो. त्याचं लक्ष आणि स्मरण मोजण्याची सोय तालुक्यापर्यंत पोहोचायला हवी.

कायद्याकडे येते. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 1996 मध्ये घेतला. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. जास्तीचा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट आणि गणितात सोपा पर्याय अशा या सवलतींमुळे कित्येक मुलं दहावीचा उंबरा ओलांडून गेली. मुंबईत सायन, केईएम आणि नायर रुग्णालयांतल्या केंद्रांनी यात मोठं काम केलं आहे. पुढे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारच्या अक्षमतांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आठव्या वर्षापासून प्रमाणपत्राची आणि 14 व 18 व्या वर्षी फेरतपासणीची तरतूद होती. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करताना चालू नियम विचारून घ्या. पण दार आठव्या वर्षी उघडतं ही गोष्ट ध्यानात ठेवा. पंधराव्या वर्षापर्यंत थांबायला कुणीही सांगितलेलं नाही.

याच तत्त्वांत बुद्ध्यंक 85 च्या वर असेल तरच पुढची चाचणी, अशी अट होती. बौद्धिक अक्षमता धरली जाते ती साधारण 70 च्या खाली. मग 70 ते 85 मधल्या मुलांचं काय? गुणांची विभागणी जशी होते त्या हिशेबाने शंभरात सुमारे 14 मुलं या पट्ट्यात येतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात पाच-सहा. त्यांना कागद कुठलाच मिळत नाही आणि अभ्यास सगळा तोच. कागदापुरता विचार केला की ही मुलं आपल्याला दिसेनाशी होतात. माझ्या मते तपासणीची सर्वांत जास्त गरज यांनाच आहे. हातात सवलत नसताना शिकवायचं कसं, एवढं तरी त्यांच्या शिक्षकांना कळेल.

एक इशारा थोडक्यात. शाळांमधून आणि मॉलमधून बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता सांगणारी ‘डीएमआयटी’ नावाची चाचणी विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने जाहीर केलेलं आहे. ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’ही त्याच पंक्तीतलं. रंगीत फाइल मिळते, आलेख मिळतात, आणि ज्या पैशांत खरी तपासणी झाली असती ते पैसे जातात.

खरी तपासणी ओळखायची कशी? काही प्रश्न निःसंकोच विचारा. आपली नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आहे का? मुलाशी कोणत्या भाषेत बोलणार? कोणत्या चाचण्या, आणि त्या कोणत्या साली प्रमाणित झालेल्या? शाळेशी बोलणार का? अहवाल हाती देताना समोर बसवून समजावून सांगणार का? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. नुसत्या आकड्यांचा दोन पानी अहवाल घेऊन परत जाऊ नका. मुलाचं बळ कशात आहे, अडतं कुठे, घरी काय करायचं, वर्गात काय करायचं आणि पुन्हा कधी तपासायचं, हे साध्या मराठीत लिहिलेलं नसेल तर काम अर्धवट झालं आहे. ‘लक्ष द्यावे’ ही शिफारस नव्हे. ‘फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण द्यावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून घ्यावे’ ही शिफारस आहे.

आणि निष्कर्ष मुलालाही सांगा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. आपल्याविषयी बंद दाराआड काय बोललं गेलं याची त्याने केलेली कल्पना खऱ्या निदानापेक्षा फार भयंकर असते. “तुझं डोकं चांगलं चालतं, वाचायला तुला जास्त वेळ लागतो, आणि त्यावर उपाय आहे,” हे त्याने मोठ्यांच्या तोंडून ऐकणं हा उपचाराचाच भाग आहे.

ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठीही सांगते. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. त्यांनी शोधलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. सगळीकडे पुरेशी माणसं आहेत असं मी म्हणणार नाही. पण मागणारे पालक आणि पाठपुरावा करणारे मुख्याध्यापक जिथे असतात, तिथे जागा भरण्याचा रेटाही तयार होतो.

शिक्षकांनो, शेवटची विनंती तुम्हाला. निदान करणं तुमचं काम नाही, पण पहिली शंका तुमच्याइतकी लवकर दुसऱ्या कुणालाच येत नाही. येत्या पालकसभेत तिसरीतल्या अशा प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना बाजूला घ्या. तक्रार सांगू नका. मूल कशात अडतं ते त्याच्या वहीतून दाखवा आणि कान-डोळे तपासून पुढच्या तपासणीला पाठवा. पालकांनो, शिक्षकांनी असं सांगितलं तर रागावू नका आणि परीक्षा होऊ दे म्हणून पुढे ढकलू नका. तिसरीतल्या मुलाच्या हातात दहावीपर्यंत सात वर्षं असतात. नववीतल्या मुलाकडे एक असतं.